ठेंगणी मोटार

हौसेला मोल नसतें असें आपण म्हणतों, आणि तें खोटें नाहीं. परंतु हौसेला हिशेब मात्र असतो, आणि तो चुकला म्हणजे भलत्याच माणसाला भरावा लागतो. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं अशा एका हौसेचा हिशेब मांडण्याचा प्रसंग आला. मांडणारे आम्ही आणि आमचा पुतण्या. भरणारें माणूस कोण होतें हें आमच्या फार उशिरां लक्षांत आलें. ज्या घरीं मोटार आहे आणि तरुण मुलगेहि आहेत, अशा वाचकांस ही हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

आमचें बिऱ्हाड भुसावळास. आमची सारी नोकरी रेल्वेंत, आगगाडीचे डबे तपासण्याच्या व दुरुस्त करण्याच्या खात्यांत गेली. थोरले बंधूहि रेल्वेंतच होते. निवृत्त झाल्यावर त्यांनीं फंडाच्या पैशांतून एक लहान मोटार घेतली. दर रविवारीं सकाळीं ती स्वतः धुऊन पुसून, वहिनींना शेजारीं बसवून, तापीच्या पुलापर्यंत फेरी मारून येण्याचा नेम त्यांनीं अखेरपर्यंत चालविला. ते गेल्यावर मोटार त्यांच्या एकुलत्या एक मुलाकडे आली. तो पुण्यास नोकरीला असतो. वडिलांची आठवण म्हणून ती विकावयाची नाहीं, असें त्यानें पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें, तेव्हां आम्हां सर्वांस समाधान वाटलें. आठवण जपण्याची तरुण माणसांची तऱ्हा आमच्याहून निराळी असते, एवढें मात्र त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं.

चैत्रांत तो मोटार घेऊन आला आणि गल्लींतलीं पोरें भोंवतीं गोळा झालीं. मोटार जमिनीला टेकल्यासारखी दिसत होती. चाकाच्या वरची फट, जींत पूर्वीं अख्खा तळहात शिरे, ती जवळजवळ नाहींशी झाली होती. दिवाळीनंतर एका कारखान्यांत मूळच्या स्प्रिंगा काढून त्यानें आंखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या व मोटार दोन इंच खालीं आणली होती. मूळच्या स्प्रिंगा डिकींत पडल्या होत्या. त्या भंगारवाल्याला देऊन टाका, म्हणून त्यानें वहिनींच्या पुढें ठेवल्या.

"काका, कशी दिसते?" त्यानें विचारलें.

"दिसते झोकदार. चालते कशी?"

तो किंचित् घुटमळला. "थोडी डावीकडे ओढते. पण रस्तेच तसे आहेत."

वहिनींचें माहेर फैजपूरचें. राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन १९३६ सालीं जेथें झालें, तेंच हें गांव. तेथें त्यांच्या भाच्याच्या घरीं मुंज होती. सर्वांनीं नव्या थाटाच्या मोटारींतून जावें असें पुतण्याच्या मनांत होतें, पण वहिनी म्हणाल्या, "ऊन फार आहे रे. मी राहतें घरीं, तुम्ही दोघे जाऊन या." माहेरचें कार्य वहिनींनीं चुकवावें याचें आम्हांस नवल वाटलें, परंतु उन्हाळा भुसावळचा, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, तेव्हां कारण पटण्यासारखें होतें.

तापीचा पूल ओलांडून आम्ही पुढें लागलों. त्या बाजूची जमीन काळी, पाण्यानें फुगणारी आणि उन्हानें भेगाळणारी. तिच्यावरचा रस्ता कितीहि नीट केला तरी कालांतरानें लाटा धरतो. त्यांत केळीच्या ट्रकांनीं चाकोऱ्या पाडलेल्या. चाक चाकोरींत शिरलें कीं मोटार आपण होऊन बाजूला उडी घेई, आणि पुतण्या दोन्ही हातांनीं स्टिअरिंग घट्ट धरून तिला परत आणी. प्रत्येक गतिरोधकावर पोटाखालून खरकन् आवाज होई. पहिल्या आवाजाला तो हंसला. सहाव्याला गप्प झाला.

संध्याकाळीं घरीं परतल्यावर आम्हीं जुन्या संवयीनें चाकापाशीं वांकून टायरच्या आंतल्या कडेवरून हात फिरविला, तों बोटाला तार टोंचली. बाहेरून पाहतां टायर कोरा करकरीत, दिवाळींतच घेतलेला. आंतल्या कडेचें रबर मात्र झिजून जाऊन, दोन बोटें रुंदीच्या पट्ट्यांत पोटांतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. दुसऱ्या बाजूचा टायरहि त्याच वाटेवर होता. असल्या टायरांवर हा मुलगा पुण्याहून सुमारें चारशें किलोमीटर एकटा आला होता. आम्हीं त्याचा हात धरून तेथें लावला. तो कांहींच बोलला नाहीं.

रात्रीं अंगणांत खाटेवर बसून आम्हीं त्याला आमच्या खात्यांतली गोष्ट सांगितली. आगगाडीच्या डब्याच्या टोंकांना जे बफर असतात, त्यांची रुळापासूनची उंची मापावी लागते. रिकाम्या डब्याचा बफर ११०५ मिलिमीटरांहून वर असतां कामा नये, आणि भरलेल्या डब्याचा १०३० मिलिमीटरांहून खालीं जातां कामा नये. कारण शेजारशेजारच्या दोन डब्यांचे बफर समोरासमोर आले पाहिजेत. आतां चाक धांवून धांवून झिजतें. झिजलेलें चाक कातून पुन्हां नीट गोल करावें लागतें. त्यामुळें त्याचा व्यास घटतो आणि त्याच्या निम्म्यानें डबा खालीं येतो. पेरांबूरच्या कारखान्याच्या जुन्या धर्तीच्या डब्यांचें नवें चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचें असतें. तें लहान होत गेलें कीं ठरलेल्या जाडीच्या चकत्या स्प्रिंगांखालीं घालून डबा पुन्हां होता त्या उंचीवर आणावयाचा, असा नियम.

"तेरा तेरा मिलिमीटरांच्या चकत्यांचा हिशेब आम्ही जन्मभर ठेवीत आलों," आम्ही म्हणालों, "आणि तूं एका दिवसांत पन्नास मिलिमीटर खालीं आलास, पण दुसरें कांहींएक मापलें नाहींस."

"पण काका, बदलली ती नुसती उंचीच ना?"

"उंची एकटी कधींच बदलत नाहीं."

या बोलण्याची थोडी फोड केली पाहिजे. हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांस जी रचना असते, ती दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ल मॅकफर्सन नांवाच्या अमेरिकन एंजिनियरानें प्रचारांत आणली. तींत चाकाचा वरचा आधार म्हणजे स्प्रिंग व शॉकअप यांचा मिळून एक उभा खांब. आणि खालचा आधार म्हणजे मोटारीच्या सांगाड्याला बिजागरीप्रमाणें जोडलेला एक आडवा दांडा. कारागीर त्याला लोअर आर्म म्हणतात. चाक वरखालीं होतें तेव्हां या दांड्याचें टोंक सरळ रेषेंत न जातां वर्तुळाच्या कंसांतून फिरतें. मोटार खालीं बसविली, म्हणजे चाकें सांगाड्याच्या मानानें कायमचीं वर सरकलीं. दांड्यांचा कोन बदलला, आणि चाकांचे माथे आंत झुकले. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. शिवाय, चाकें वळविणारा जो टाय-रॉड, त्याचाहि कोन बदलतो. त्याचा कंस आणि खालच्या दांड्याचा कंस तंतोतंत जुळत नाहींत, म्हणून चाकांचीं तोंडें एकमेकांकडे तरी वळतात किंवा एकमेकांपासून दूर तरी जातात. याला टो म्हणतात. आमच्या मोटारीचीं चाकें फेंगड्या माणसाच्या पावलांप्रमाणें बाहेर वळलीं होतीं. झुकलेलें चाक टायर खातें तें सावकाश. वळलेलें चाक फार भराभर खातें. आमच्या चाकांना दोन्ही खोडी एकदम जडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां, ऊन चढण्यापूर्वीं, आम्ही कामास लागलों. अंगणांतली सपाट फरशी पाहून तीवर मोटार उभी केली, चारी टायरांत हवा ठरल्याप्रमाणें भरली आणि स्टिअरिंग सरळ बांधून टाकलें. चाकाच्या वरच्या पत्र्याला ओळंबा टांगला आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचें अंतर फूटपट्टीनें घेतलें. उजव्या चाकाची वरची कड १३ मिलिमीटर आंत होती, डाव्याची १०. पंधरा इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्या मानानें उजवें चाक सुमारें दोन अंश आणि डावें दीड अंश झुकलेलें. मोटार डावीकडे कां ओढत होती याचें एक कारण तेथेंच दिसलें. मग मोटारीच्या दोन्ही अंगांना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, समांतर दोऱ्या ताणल्या आणि प्रत्येक रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचें अंतर मापलें. पुढच्या चाकांच्या पुढच्या कडांतलें अंतर मागच्या कडांतल्या अंतराहून ५ मिलिमीटरांनीं जास्त भरलें.

"पांचच मिलिमीटर!" पुतण्या म्हणाला. त्याला वाटलें कीं अपराध क्षुल्लक ठरला.

आम्हीं त्याच्या हातीं कागद दिला. पांच मिलिमीटर दोन चाकांत वांटले तर एकेका चाकाच्या वांट्याला अडीच. म्हणजे ३८१ मिलिमीटर पुढें जातांना चाकाचा रोख अडीच मिलिमीटर बाजूला. त्या हिशेबानें एक किलोमीटर चालतांना चाक साडेसहा मीटर आडवें घासलें जातें. जळगांव येथून सुमारें पंचवीस किलोमीटर. तेथें पोंचेपर्यंत प्रत्येक चाक दीडशें मीटरांहून अधिक आडवें फरफटणार. पुण्याहून भुसावळपर्यंतचा आंकडा त्यानें स्वतःच काढला. तो अडीच किलोमीटरांच्या वर गेला. कागदाकडे तो बराच वेळ पाहत बसला.

दुरुस्तींत आधीं कॅम्बर आणि मग टो, हा क्रम सोडूं नये. कारण कॅम्बर हलविला कीं टो त्याबरोबर हलतो. उभा खांब चाकाच्या गाभ्याला दोन बोल्टांनीं जोडलेला असतो. त्यांपैकीं वरचा काढून त्याच्या जागीं मध्यभागीं एका बाजूस फुगवटा असलेला बोल्ट घातला. तो फिरविला कीं चाकाचा माथा थोडा बाहेर येतो. दोन्ही चाकें सारखीं झुकलेलीं राहतील अशीं बसविलीं. मग टाय-रॉडच्या टोंकांचे आटे दोन्ही बाजूंनीं सारखे फिरवून चाकांचीं तोंडें सरळ केलीं. खालच्या दांड्यांचे रबरी बुश फुटलेले दिसले, ते बदलले. मोटार जॅकवर होतीच; सर्व बोल्ट तेथेंच करकचून आवळून टाकले. पुन्हां दोऱ्या लावल्या, मापें मनासारखीं आलीं, आणि आम्हीं पुतण्याकडे थोडें अभिमानानेंच पाहिलें.

नवे टायर चढवून संध्याकाळीं हमरस्त्यावरच्या एका दुकानीं गेलों. तेथें चाकांची मापें कॅमेऱ्यानें घेणारें यंत्र आहे. तें चालविणारा पोऱ्या वीस-बावीस वर्षांचा असेल. तो मोटारीखालीं जाऊन आला आणि नम्रपणें म्हणाला, "बाबा, आर्मचे बोल्ट गाडी लटकत असतांना आवळले काय?"

आम्ही होय म्हणालों. त्यानें मग समजावून दिलें. बुशमध्यें आंतली लोखंडी नळी बोल्टाखालीं दाबली जाते, बाहेरची दांड्याबरोबर फिरते, आणि मधलें रबर तेवढें पिळलें जातें. चाकें लोंबत असतां बोल्ट आवळला, तर मोटार जमिनीवर टेकतांच रबर कायमचें पिळलेल्या स्थितींत राहतें. तें मोटारीला थोडें वर उचलून धरतें. म्हणून त्या वेळचें माप खोटें. कांहीं दिवसांनीं रबर फाटतें, मोटार आणखी खालीं बसते आणि केलेलें सारें फुकट जातें. बोल्ट सैल करून मोटार चाकांवर उभी करावी, पुढेंमागें ढकलावी, चारी कोंपऱ्यांवर दाबून तिला तिच्या वजनानें बसूं द्यावें, आणि मगच आवळावें.

आम्हांस मनांतून लाज वाटली. डबा स्वतःच्या वजनावर उभा केल्यावांचून त्याची उंची मापूं नये, हें आम्हीं किती नव्या मुलांना शिकविलें असेल! तोच नियम आपल्या अंगणांत विसरलों. त्या मुलानें सांगितल्याप्रमाणें केलें, तों मोटार खरोखरच बोटाच्या जाडीइतकी खालीं गेली आणि यंत्रावरचे सारे आंकडे पुन्हां हलले. त्यानें पुतण्याला चालकाच्या जागेवर बसविलें, आणि कॅम्बरपासून सर्व पुन्हां लावून दिलें. मागच्या चाकांचा आंस एकसंध तुळईसारखा असल्यामुळें तेथें फिरविण्याजोगें कांहीं नव्हतें. तीं मापें सुदैवानें मर्यादेंत होतीं.

निघतांना तो म्हणाला, "मशीन टायर वांचवील, बाबा; पण स्प्रिंगेची जागा परत देणार नाहीं." याचा अर्थ असा कीं, चाकाला खड्ड्यावर वर सरकण्यास जी मोकळीक असते, तींतली दोन इंच आधींच खर्ची पडली. चार माणसें बसलीं म्हणजे मोटार रबराच्या थांब्यावर आपटणारच. शिवाय मोटार खालीं आणली म्हणजे ती वळणावर कमी कलते अशी समजूत आहे, ती सर्वस्वीं खरी नाहीं. मॅकफर्सनच्या रचनेंत मोटार ज्या अदृश्य बिंदूभोंवतीं कलते, तो बिंदु मोटारीच्या वजनाच्या मध्याहूनहि अधिक खालीं जातो. दोहोंतलें अंतर वाढतें, आणि कलविणारा जोर उलट वाढतो. तो केवळ कडक स्प्रिंगांनीं दाबून ठेवलेला असतो.

गतिरोधकांचेंहि तसेंच. शास्त्राप्रमाणें बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्याची पाठ इतकी सावकाश चढते कीं ठेंगण्या मोटारीचेंहि पोट सहसा लागूं नये. परंतु गांवोगांवीं लोकांनीं घातलेले अरुंद उंचवटे शास्त्र वाचून घातलेले नसतात. आणि कायदाहि विसरतां येत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणींतला तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच बजावलें. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हें सर्व आम्हीं पुतण्याला वाचून दाखविलें. तो ऐकून घेई, आणि मोटारीकडे पाही. मोटार आतां सुतासारखी सरळ चालत होती. मग बिघडलें कोठें, असें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

रविवार आला. सकाळीं तो आईला म्हणाला, "आई, चल. बाबा नेत असत तसें पुलापर्यंत जाऊन येऊं." वहिनी नाहीं म्हणाल्या नाहींत. आम्ही मागें बसलों. पुलाशीं मोटार थांबली; उतरून नदीला नमस्कार करावयाचा, हा त्यांचा जुना परिपाठ. पुतण्या उतरून पुढें गेला आणि मागें वळून पाहतो तों आई अजून आंतच. एक हात दाराच्या खांबाला, दुसरा गुडघ्यावर; उठण्याचा एक प्रयत्न झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला त्या अर्ध्या उठून पुन्हां खालीं बसल्या. त्यांचें वय सत्तरीच्या पुढें, आणि दोन्ही गुडघे कित्येक वर्षांचे धरलेले. आम्ही मागच्या दारानें उतरून धांवलों.

"भावजी," वहिनी हंसून म्हणाल्या, "बसायला जमतें हो. उठायला जमत नाहीं."

पुतण्यानें दोन्ही हात देऊन त्यांना उभें केलें. "कधींपासून?" त्यानें विचारलें.

"संक्रांतीला पुण्यास आलें होतें ना, तेव्हांपासून."

"मग बोलली कां नाहींस?"

"तूं एवढ्या हौसेनें केलेंस. गाडी तुझ्या बाबांची. तूं ती विकली नाहींस, हेंच मला पुष्कळ होतें."

फैजपूरच्या मुंजीला ऊन आड आलें नव्हतें, हें आम्हां दोघांस त्याच क्षणीं कळलें. आम्ही दोरी, ओळंबा, फूटपट्टी घेऊन मोटारीच्या चारी कोंपऱ्यांचीं मापें घेतलीं होतीं. बसण्याच्या जागेची जमिनीपासूनची उंची मात्र कोणीहि मापली नव्हती.

परत येतांना कोणी फारसें बोललें नाहीं. घरीं आल्यावर पुतण्यानें विचारलें, "काका, त्या जुन्या स्प्रिंगा भंगारांत गेल्या असतील ना?" आम्ही उत्तर देण्यापूर्वींच वहिनी कोठीच्या खोलींत गेल्या आणि पिंपामागें बोट दाखविलें. चारी स्प्रिंगा तेथें होत्या. तेलाचा हात देऊन, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, सुतळीनें बांधलेल्या. "त्यांच्या गाडीची वस्तु मोडींत कशी घालूं?" एवढेंच त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यांत मूळच्या स्प्रिंगा चढल्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी असते, म्हणून तें काम घरीं न करतां योग्य साधनें असलेल्या कारागिराकडून करविलें. मोटार वर गेली, आणि सारीं मापें पुन्हां बिघडलीं. या वेळीं चाकांचीं तोंडें आंत वळलीं. उंची वाढली तरी ती एकटी वाढत नाहीं, हेंहि त्यामुळें पुतण्याला दिसलें. पुन्हां यंत्राच्या दुकानीं गेलों. त्या मुलानें मोटारीकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि मजुरी अर्धीच घेतली. आर्मचे बोल्ट या वेळीं मोटार चाकांवर उभी असतांना आम्हीं स्वतः आवळले.

वैशाखांत वहिनी त्याच मोटारींतून बटूला चांदीची वाटी घेऊन फैजपुरास जाऊन आल्या. पुतण्याला मोटारीचें जुनें रूप आतां बेढब वाटतें, हें त्याच्या पाहण्यावरून आम्हांस समजतें. तो तसें बोलत नाहीं, आणि आम्हीहि विचारीत नाहीं.

मोटार असलेल्या वाचकांनीं महिन्यांतून एकदां चारी टायरांच्या आंतल्या कडेवरून हात फिरवावा. डोळ्यांना जें दिसत नाहीं तें बोटांना कळतें. आणि ज्यांच्या घरीं मोटारीची उंची बदलण्याचा विचार चालला असेल, त्यांनीं घरांतल्या वडील माणसांना तींत आधीं बसवून, आणि मुख्य म्हणजे उठवून, पाहावें. तीं आपण होऊन सांगतील अशी वाट पाहूं नये.